जोडावरची घडी

कुंभकोणमला कुंभेश्वराच्या देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सत्त्याण्णव साली कंप्युटर घेतला. पुढल्याच वर्षी बायको, धनलक्ष्मी, गेली. तिच्या वर्षश्राद्धाआधी मला आम्हां दोघांचा एक फोटो हवा होता. तसा कधी निघालाच नव्हता. लग्नातला रोल फोटोवाल्यानं उजेडात उघडला, आणि नंतर आम्ही ‘काढू, काढू’ म्हणत राहिलो.

वेगवेगळे दोन होते. माझा नोकरीच्या अर्जासाठी काढलेला, तिचा लग्न ठरवताना आमच्याकडे पाठवलेला. कोणाचेच हात त्यात दिसत नव्हते. स्कॅन करून शेजारी लावले. मधला जोड काही केल्या लपेना.

धनलक्ष्मीचा धाकटा भाऊ व्यंकोबा शेजारी विड्याची पानं विकतो. तो बघून म्हणाला, “भावजी, अक्का तुमची बायको नाही, बसच्या रांगेतली बाई दिसत्ये.”

“चुरगळलेला जुना फोटो करतो. जोडावर घडी आली की कोणाला कळणार?”

पांढरा कागद मुठीत चुरगळला, उलगडला, स्कॅन केला. तो थर फोटोवर टाकून ‘मल्टिप्लाय’ केला. पांढरं गेलं, सुरकुत्यांच्या सावल्या राहिल्या. सगळ्यांत खोल घडी सरकवून जोडावर आणली. खरंच जुना फोटो वाटला. मी बराच वेळ बघत बसलो.

सकाळी फाइल उघडली तर घडी जोडावर नव्हती. माझ्या बाजूला, शर्टाच्या डाव्या बाहीवर गेली होती. सेव्ह करताना चुकलं असेल म्हणून परत आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहीवर. तिच्या बाजूच्या सुरकुत्याही तिकडेच वळलेल्या. तिचा चेहरा साफ.

नवा कागद चुरगळून पाहिला. तेच.

“व्यंकोबा, तू याला हात लावलास?”

“अय्यो भावजी, मी कंप्युटरच्या पंख्याच्या आवाजाला भितो.” मग तो पडद्याजवळ वाकला आणि त्याचं हसू गेलं. “हे काय जालं? तुमची बाही कोणी ओढली?”

मी चुरगळलेला थर बंद केला.

बाकीचा फोटो सपाट झाला. बाहीवरच्या सुरकुत्या राहिल्या.

मूळ फोटो पाकिटातून काढला. त्यात बाही कडक इस्त्रीची होती.

पडद्यावर जोड शोधला. सापडला नाही.

व्यंकोबा आपल्या दुकानात गेला, परत आला, बाकावर बसून रडला. “असाच छापा, भावजी. वर काही घालू नका.”

तसाच छापला.

मुलगी सुब्बलक्ष्मी श्राद्धाला मद्रासहून आली. फोटोसमोर उभी राहून म्हणाली, “अप्पा, तुम्ही कुठं निघाला होता? आई जाऊ देत नाही असं दिसतं.”

“कुठं नाही,” मी म्हणालो.

ब्राह्मण जेवून गेले. मी शर्ट घातला, तशी ती म्हणाली, “आणि हा काय अवतार? सकाळीच इस्त्री केली होती मी.” डाव्या बाहीवरून तिनं हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग वळून फोटोकडे पाहिलं.

संध्याकाळी शर्ट काढायला गेलो. उजवी बाही निघाली. डावी सुटेना.

मी ओढली नाही.