बायोडाट्यातली शेवटची ओळ

मागून आलेल्या गाडीतून सहलीतला चौथा माणूस उतरला आणि शबनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा इथे कसा?" तिने किशोरीला कोपराने ढोसलं.

"हाशिर? समाधानचा मित्र. यान्बूला इंजिनीअर आहे. काल सात तास गाडी हाकत आलाय बिचारा. का गं?"

का गं म्हणे! चार महिन्यांपूर्वी याच बिचाऱ्याचं स्थळ शबनमला आलं होतं. ती सुट्टीत श्रीवर्धनला गेली होती. व्हिडिओ कॉलवर तिच्या एका बाजूला अम्मी, दुसऱ्या बाजूला यासीनभाई... आणि तिकडे या महाशयांनी घाबरून अख्खा कप चहा शर्टावर सांडला होता! हसू आवरता आवरलं नव्हतं तिला. खरं सांगायचं तर आवडलाच होता तो. आणि आठवड्याने निरोप आला – नसीब नाही, माफ करा. कारण विचारलं, तर तेही नाही.

सौदीतल्या तबूकच्या ज्या हॉस्पिटलात शबनम फिजिओथेरपिस्ट होती, तिथेच किशोरी नर्स. किशोरीच्या नवऱ्याला, समाधानला, डोंगराचं वेड. जवळच्या जबल अल लौझ डोंगरावर बर्फ पडला, की त्याला घरात करमायचं नाही. यंदा त्याने एका लेबनानी डॉक्टरकडून चार जोड स्की उसन्या आणल्या होत्या. इथे वर न्यायला पाळणा-बिळणा काही नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय मागे घसरत नाही. तसंच वर चढायचं, मग पट्ट्या सोलायच्या आणि घसरत खाली यायचं.

शबनमच्या घडी घातलेल्या पट्ट्यांचा गोंद गोंदाला असा चिकटला होता, की सुटता सुटेना.

"मी धरू एक टोक?" हाशिर जवळ आला.

"नको."

तो तसाच उभा राहिला. तिने दात-ओठ खाऊन ओढलं, पट्टी हलली नाही.

"मग धरा की! बघत काय उभे राहिलात?"

दोघं दोन टोकांना लोंबकळले.

"तुम्ही... रागावलात माझ्यावर," तो हळूच म्हणाला.

"मी? छे! मी कोण रागावणारी? नापसंत मुलगी!" म्हणत तिने असा हिसका दिला, की पट्टी फाडकन सुटली आणि हाशिर बर्फात धपकन बसला. किशोरी खो खो हसली. शबनम हसली नाही. म्हणजे, निदान तोंड तरी फिरवलं तिने.

लाल खडकांच्या मधल्या घळीतून दोन तास चढाई. मागून त्याच्या स्कीचा सरसर आवाज येत होता. ती थांबली की तोही थांबायचा. आधी कारण सांगायचं नाही, आणि आता हे!

माथ्यावर खजूर झाले, चहा झाला. या वेळी त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता. मग समाधानने एकेकाला खाली सोडलं. हाशिर निघाला... शबनमकडे बघत निघाला, आणि पहिल्याच वळणावर खडकाला अडखळून कोलमडला.

सगळ्यांच्या आधी शबनम पोचली. बूट काढला, घोटा चाचपला.

"या अल्लाह!"

"ओरडू नका, अजून मी दाबलंही नाहीये. हाड शाबूत आहे, शीर ताणलीय." तिने पाठपिशवीतून बँडेजचा पट्टा काढला आणि भराभर गुंडाळायला घेतला.

तो तिच्या बोटांकडे बघत होता. "एवढं छान काम... आणि सोडणार होतात तुम्ही?"

बोटं थांबली. "कोण सोडणार होतं?"

"तुम्हीच. बायोडाट्यात शेवटची ओळ... 'मुलगी लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार'. माझ्या मोठ्या बहिणीने, आपाने, अशीच नर्सिंगची नोकरी सोडली. आता दिवसभर खिडकीत बसून असते. मला पुन्हा ते... नको होतं."

"ती ओळ यासीनभाईंनी लिहिली असणार! मला न विचारता!" शबनमचा आवाज घळीत घुमला. "आणि तुम्ही! चहा सांडायला हात होते, विचारायला तोंड नव्हतं?"

"तुमचे भाई शेजारीच बसले होते–"

"भाईंशी लग्न करणार होतात का?"

"चुकलो," हाशिर म्हणाला. "चार महिने रोज वाटतंय, एकदा तरी विचारायला हवं होतं. समाधानने तुमचं नाव सांगितलं, म्हणून तर आलो."

पट्ट्याचं टोक तिने घट्ट खोचलं.

"ऐका मग. नवा बायोडाटा. शबनम, वय अठ्ठावीस. नोकरी सोडणार नाही. राग नाकावर. उत्तर मलाच द्यायचं, भाईंना नाही."

"उत्तर तयार आहे–"

"थांबा! मी चार महिने थांबले. तुम्ही निदान डोंगर उतरेपर्यंत थांबा."

एका बाजूने समाधानचा आधार, दुसऱ्या बाजूने तिचा... लंगडत लंगडत खाली यायला तिन्हीसांज झाली. हाशिर खरंच एक शब्द बोलला नाही. गाडीला टेकल्यावर म्हणाला, "उतरलो."

"मग बोला."

"हो. नोकरीसकट. रागासकट."

शबनमचे डोळे भरले, आणि त्याचाही तिला राग आला. तेवढ्यात फोनला रेंज आली. तिने तिथल्या तिथे नंबर लावला.

"यासीनभाई! माझा बायोडाटा कोणी लिहिला होता?"

तिकडून भाई काहीतरी पुटपुटले. ती जी सुटली, ती पाच मिनिटं थांबलीच नाही. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात हाशिरचा हात. आणि ओरडताना तो तिने एकदाही सोडला नाही.