रेघा फक्त माझ्याच चेहऱ्यावर

विश्वास ठेवा किंवा हसून सोडून द्या, पण यातला एकही शब्द मी रचलेला नाही. मागच्या चैत्रात, एका गुरुवारी संध्याकाळी, हुबळीत उणकलच्या आमच्या घरात हे घडलं.

मी दीपाली. सागरची दुसरी बायको.

पहिली शालिनी. ती तापाचं निमित्त होऊन गेली. तिचा फोटो हॉलच्या भिंतीवर आणि तिचा प्रिंटर त्याच्याखाली टेबलावर. त्यावर ती घरगुती पत्रिका छापून द्यायची. गोकुळ रोडच्या कारखान्यातून आला की सागर आधी त्या फोटोकडे बघायचा.

मग माझ्याकडे.

मेलेल्या बाईचा कुणी हेवा करतं का? मी करत होते. रोज जळत होते.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी या घरातलं माझं पहिलं हळदीकुंकू होतं. येणाऱ्या बायकांनी भिंतीवर तिलाच बघायचं? छे! आमच्या लग्नाचा फोटो छापून तिच्या शेजारी, चांगला वीतभर वर लावायचा, असं मी ठरवलं.

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला...

सागर लख्ख. माझ्या चेहऱ्यावर पांढऱ्या आडव्या रेघा.

हेड क्लीनिंग केलं. नवं कार्ट्रिज घातलं. टेस्ट पेज काढलं, त्यात सगळे रंग व्यवस्थित. पुन्हा फोटो छापला.

पुन्हा रेघा.

शेजारच्या कविताक्कांना बोलावलं. लॅमिंग्टन रोडला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे.

"रेघ आली तर कागदभर येती गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडापुरतीच कशी? फोटोतलं डावं-उजवं बदलून छाप की. मशीनचा दोष असंल तर आता सागरवर येतील."

बदलून छापलं. सागर डावीकडे गेला, मी उजवीकडे.

रेघा माझ्या मागोमाग आल्या होत्या...

कविताक्कांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. चहा ठेवला होता, तो न घेताच गेल्या.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

"बघू तर तुझा कसा येतो!" मी भिंतीकडे बघून म्हणाले. मोबाइलवर शालिनीचा फोटो घेतला आणि छापायला दिला.

या वेळी घरघर नाही. कसलाच आवाज नाही. कागद अलगद बाहेर सरकला...

एकही रेघ नव्हती. कपाळावरचं कुंकू ओलं होतं. बोट लावलं तर बोट लाल झालं.

मी प्लग उपटला. कागद कपाटात कोंबला.

तेवढ्यात सागर आला. आणि दारातून आत येताच, पहिल्यांदाच, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, सगळी भीती विसरून मी सुखावले.

तो बघतच राहिला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"काय झालं?"

"चष्मा बदलाय पाहिजे," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर पांढऱ्या रेघा दिसायल्यात."

मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेली. तो हसला.

"तिकडं मात्र सगळं स्वच्छ दिसतंय बघ."

प्रिंटर मी भंगारात दिला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर बदललेलाच नाही. कपाटातलं ते कुंकू अजून वाळलेलं नाही, आणि सागर माझ्याशी बोलताना अजून डोळे बारीक करतो.

हल्ली मी त्याच्यासमोर उजेडात बसत नाही.