सातवा तुकडा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत घडलं. आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची टर उडवण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. खोलीत लख्ख उजेड.

ताई घरूनच ग्राफिक्सची कामं करते, मागच्या खोलीत. घरात तिचा दादा, वहिनी आणि ती. तिची आई चार महिन्यांपूर्वी आजारपणात गेली होती.

एका बटणांच्या दुकानाला दर्शनी स्क्रीनसाठी फिरतं कॅलिडोस्कोप हवं होतं. ताईने आईचा शिवणकामाचा डबा काढला, बटणं पांढऱ्या चादरीवर ओतली आणि वरून फोटो घेतला.

पुढचं काम तिच्या हातचा मळ. फोटोतून एक त्रिकोणी तुकडा घ्यायचा. त्याच्या बारा नकला गोलात मांडायच्या, एकाआड एक उलट्या. मग मूळ फोटो खालून हळूहळू फिरवायचा. बाराही तुकडे त्या एकाच फोटोला जोडलेले. एकात जे दिसेल, ते बाराही ठिकाणी दिसणारच.

तिने प्ले केलं. बटणांचं फूल उमललं, मिटलं, पुन्हा उमललं...

सातव्या तुकड्यात काळं बटण नव्हतं.

उरलेल्या अकरांत होतं.

असं आपोआप होत नाही. कोणीतरी तो तुकडा मुद्दाम सुटा करून त्यात हात घातला, तरच होतं. आणि हे सॉफ्टवेअर घरात आणखी एकालाच येत होतं. वहिनीला. ताईनेच हौसेने शिकवलेलं. पासवर्डही तिला ठाऊक.

आई नेहमी म्हणायची, "वरून गोड आहे ती. नजर ठेव तिच्यावर." ताई ते हसण्यावारी न्यायची.

त्या दिवशी मात्र तिला हसू आलं नाही.

तिने तुकडा नव्याने केला, पासवर्ड बदलला. बुधवारी खोलीला कुलूप लावून बाहेर गेली. तासाभराने परत आली, तर...

सातव्या तुकड्यातली बटणं रांगेत लावलेली. रंगवार. बाकी अकरांत तोच पसारा.

कुलूप जसंच्या तसं होतं. पण दुसरी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. वहिनीच्या हाताशी.

गुरुवारी त्या रांगांच्या मधोमध काहीतरी चमकलं. ताईने चित्र मोठं केलं...

लाल खड्याचं कानातलं.

वहिनीचं.

ताईचं डोकंच फिरलं. तिने वहिनीला हाताला धरून स्क्रीनसमोर उभं केलं.

"माझ्या कामात कशाला ढवळाढवळ करतेस?"

"ताई, तुमची शपथ, मी या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"मग हे कानातलं कोणाचं?"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे तर दोन वर्षांपूर्वी हरवलं. माझ्या आईची एवढीच आठवण होती. साधं कानातलं सांभाळता येत नाही म्हणून सासूबाईंनी किती बोल लावले होते मला!"

"नाटकं पुरे! आई बरोबर ओळखून होती तुला. घरात साप पाळलाय आम्ही."

तोंडातून शब्द गेला तो गेला. मागे दारात दादा उभा होता.

रविवारी दोघांनी सामान हलवलं. जाताना दादाने ताईकडे बघितलंही नाही.

घर सुनं झालं. ताईने फाइल चालवून पाहिली. बाराही तुकडे अगदी सारखे. कुठे खोट नाही.

म्हणजे वहिनीच! ताईला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

मग ती बटणं डब्यात भरायला बसली. डब्याच्या तळाशी कापडाचं अस्तर होतं. त्याचा एक कोपरा बोटांना जाड लागला...

बारीक, सरळ टाके. आईचा हात ताई कुठेही ओळखेल.

तिने टाके उसवले. आत कानातलं होतं. लाल खड्याचं.

फोटो काढला तेव्हाही ते अस्तरातच होतं. दोन वर्षं शिवलेलं. मग स्क्रीनवर आलं कुठून?

आईला हयातीत वहिनीला घराबाहेर काढता आलं नव्हतं. ते काम ताईने केलं. ती ढसाढसा रडली. मग माफी मागायला वहिनीचा नंबर लावला. रिंग वाजली...

समोर अकरा तुकडे फिरत होते.

सातवा थांबला होता.

ताईने घाबरून फोन कापला. सातवा तुकडा पुन्हा फिरू लागला.

या गोष्टीला वर्ष होईल. वहिनीला अजून काहीही माहीत नाही. मी ताईला म्हटलं, "अगं, कॉम्प्युटर बंद कर. नाहीतर बाहेर जाऊन फोन लाव."

"लावला होता," ताई म्हणाली.

"मग?"

तिने हातातला फोन उपडा ठेवला.

"रिंग वाजली आणि तिकडे वहिनी जिन्यावरून पडली. आता बरी आहे. चालायलाही लागली. मी पुन्हा लावणार नाही."