हरलेल्या दिवसाचा सण

शारजात पाऊस वर्षाकाठी दोन-चारदा येतो, पण आला की साऱ्या शहराची अब्रू काढून जातो. दोन हजार दोनच्या जानेवारीतल्या त्या सकाळी दुबईच्या रस्त्यावर गाड्या म्हशींसारख्या पाण्यात बसल्या होत्या. नोकरदारांना रोज ने-आण करणाऱ्या गनीच्या व्हॅनमध्ये संपदा खिडकीशी बसलेली. गनीनं दार सरकवलं, "यल्ला हबीबी, बैठो," आणि बंद पडलेल्या गाडीतून निघालेला एक चिंब गोरा तिच्या शेजारी येऊन आदळला.

"स्पॅनिश?" त्याच्या बोलण्याच्या हेलावरून तिनं इंग्रजीत विचारलं.

"नाही. कातालान. बार्सिलोनाचा."

"म्हणजे स्पेनमध्येच ना?"

"नकाशात."

संपदाला हसू नये तिथं हसायची खोड. "माझ्या बाबांना भेटा. त्यांना कुणी कर्नाटकातले म्हटलं की घास उतरत नाही. बेळगावचे आहेत ते... मराठी."

"आणि नकाशात?"

"नकाशात — कर्नाटक."

आता तो हसला. आर्नाऊ त्याचं नाव. त्याच्या पापण्यांवर अजून पाणी होतं, आणि संपदानं ते पाहिलं — तिथंच घात झाला.

गाडी दुरुस्त झाली तरी तो व्हॅननंच येऊ लागला. शारजा-दुबईच्या कोंडीला अख्खी दुनिया शिव्या घालते. ही दोघं तिची वाट बघायची.

"सुरुवात कवींनी केली," तो सांगायचा. "लोकांनी घरापुरती ठेवलेली आमची भाषा त्यांनी पुन्हा चौकात आणली. मग गिरणीमालक आले, मग पुढारी."

"कवी, मालक, पुढारी. उतरती भाजणीच झाली."

"अजून ऐक. मग हुकूमशहा. आमची भाषा शाळेतून बंद. माझ्या बापाचं नावसुद्धा स्पॅनिश करून लिहिलं. आमचा मोठा दिवस अकरा सप्टेंबर. तीनशे वर्षांपूर्वी त्या दिवशी आमचं शहर पडलं."

"हरलेल्या दिवसाचा सण करता?"

"जिंकलेला असता तर तोच केला असता."

संपदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी शोभेन तुमच्यात."

सीटच्या फटीत तिच्या ओढणीचं टोक अडकलं होतं. त्यानं ते सोडवलं... आणि दुबई येईपर्यंत हातातच ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याचं काम संपत आलं. नोव्हेंबरात तिकडं निवडणूक होती, आणि त्याला आपल्या पक्षासाठी घरी जायचं होतं. संपदाला घेऊन. म्हणून तो मागणी घालायला आला, तो नेमका एक नोव्हेंबरला. बेळगाव दुसऱ्या राज्यात गेलं तो दिवस. संपदाचे बाबा, वासुदेवराव, त्या दिवशी शर्टावर निषेधाची काळी फीत लावायचे. शारजात ती बघायला लिफ्टमधल्या आरशाखेरीज कुणी नव्हतं.

फीत कशाची, हे आर्नाऊला सांगावं लागलं नाही. वासुदेवराव तिथंच विरघळले. "तुमच्यात पक्ष किती?" त्यांनी विचारलं. स्वतःचं विधानमंडळ असलं तरी स्पेनमध्येच राहू म्हणणारे कोण, पुरतं वेगळं होऊ म्हणणारे कोण, हे तो समजावत राहिला. संपदाच्या आईनं, प्रभावतीबाईंनी, पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एवढं काय चऱ्हाट? एकाला त्याच घरात वेगळी चूल हवी, नि ह्याला वाटणी."

वासुदेवराव खूश होऊन मांडी थोपटू लागले. मग थांबले. "आणि उद्या तुम्हाला मुलं झाली तर घरात काय बोलणार?"

"कातालान," आर्नाऊ म्हणाला.

"दोन्ही शिकतील की," संपदा घाईनं म्हणाली.

"माझी आई दक्षिणेतली. स्पॅनिश बोलणारी," तो हळूच म्हणाला. "घरात दोन भाषा होत्या. एक ताटावर जेवायची, दुसरी उष्टं खायची. बापाची भाषा उष्ट्यावर राहिली. ते मला पुन्हा बघायचं नाही."

वासुदेवरावांनी मान हलवली. "तुझ्या जागी मीही हेच म्हणालो असतो. म्हणूनच मुलगी देत नाही."

टीव्हीपुढून धाकटी स्मिता म्हणाली, "बट बाबा, वी टॉक इन इंग्लिश ओन्ली."

"तू आत जा," प्रभावतीबाई म्हणाल्या. वासुदेवराव बशीतल्या पोह्यांकडं बघत राहिले.

लिफ्टपाशी संपदानं त्याची बाही धरली. "नुसतं म्हण, जमवू. बाबांना मी बघते."

"आणि उद्या तू पोरांशी मराठी बोलताना मी टोकलं तर?"

"टोकशील?"

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग जिन्याकडं. "हो... टोकेन."

ह्याच्यापेक्षा एखादा लबाड परवडला असता, असं तिच्या मनात आलं. लबाडाशी संसार तरी होतो.

मग तो त्याच्या भाषेत दोनच शब्द बोलला. कोंडीत कितीदा तरी बोलला होता. अर्थ तिला पाठ होता. ह्या खेपेला तिला आपल्या भाषेत उत्तर द्यायचं होतं. तिनं तोंड उघडलं... पण हे वाक्य तिच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलंच नव्हतं. आईनं बाबांना नाही, बाबांनी आईला नाही. जिभेला वळणच नव्हतं त्याचं.

"आय लव्ह यू," ती म्हणाली.

शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसं ते आलं. आर्नाऊनं मान डोलावली. लिफ्ट आली, दार मिटलं.

संपदा तिथंच उभी राहून ते वाक्य मराठीत जुळवत राहिली. जुळलं तेव्हा दारावरचा दिवा तळमजल्यावर जाऊन विझला होता.