डावीकडं, अजून थोडं

केबलचा धंदा बंद होऊन कैक वर्षं झाली, तरी अब्बांनी गच्चीवरची मोठी डिश काही काढली नाही. काष्टी गावात आमचं घर अजूनही 'डिशवाले चांदभाई' म्हणूनच सांगतात. जाळीत कबुतरं बसतात, अम्मी कडेला मिरच्या वाळत घालते. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो आणि अब्बा त्याला चहा पाजून परत पाठवतात.

या डिशसाठी मी बंगळुरूहून रजा काढून आले होते. मी अँटेनाची इंजिनियर. हिशोबात न बसणारं काही मी मानत नाही, आणि माझ्या या स्वभावावर अब्बांचा जुना राग आहे.

काम होतं एका जुन्या यानाचं. धूमकेतूपाशी दोन वर्षं राहून माहिती पाठवायची, एवढ्यासाठी ते गेलं होतं. ते काम उरकून वीस वर्षं ते तसंच पुढं जात राहिलं. एकेक यंत्र निकामी होत गेलं, पण हाक मारली की ओ द्यायचं. नोकरीत मी पहिल्यांदा ऐकलेला संदेश त्याचाच. त्याच्यावर माझा जीव आहे, हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही.

उन्हाळ्यापासून त्याची अँटेना पृथ्वीपासून बाजूला सरकत चालली होती. आज्ञा पाठवून पाठवून यानांशी बोलणारी मोठी केंद्रं थकली आणि त्यांनी ऐकणंच थांबवलं. या आठवड्यात घरच्या डिशवर ऐकणाऱ्या आम्हा हौशी लोकांपैकी कुणाला, जगात कुठंही, त्याचा आवाज लागला तरच पुन्हा प्रयत्न होणार होता. नाहीतर कायमचा रामराम.

"म्हंजे तुझं म्हातारं रुसलंय," अब्बा म्हणाले.

"रुसलेलं नाही. वळायला लागतो तो गॅस संपत आलाय."

"एकच हाय ते."

घरात आमचं दखनी आणि मराठी सरमिसळ चालतं, पण डिश जुळवताना अब्बा फक्त मराठीत ओरडतात, कारण वर कायम त्यांचा भागीदार पुंजाराम असायचा. पद्धत ठरलेली. एकानं वर डिश फिरवायची, अब्बांनी खाली टीव्हीसमोर बसून चित्र आलं-गेलं सांगायचं आणि अम्मीनं जिन्यात उभं राहून निरोप पोचवायचा. मोबाईल आले तरी यात बदल नाही. टीव्हीच्या जागी माझा लॅपटॉप ठेवला, एवढाच काय तो फरक.

"काळोख्या पडद्यावर उभी पांढरी रेघ दिसली की सांगा," मी म्हणाले.

"मला शिकवतीस व्हय," अब्बा म्हणाले.

ऊन उतरल्यावर मी गच्चीवर गेले. डिश आदल्या दिवशीच योग्य जागी रोखली होती. पृथ्वी फिरता फिरता यान थोडा वेळ डिशसमोरून जाणार होतं. लागलंच तर बारीकसं सरकवायचं, म्हणून मी बोल्टला पाना लावला. तो सटकला. काल मीच इतका करकचून आवळला होता की बोल्टचा माथा झिजून गुळगुळीत झाला होता. डिश आता हलणार नव्हती. पलीकडं ऊस स्तब्ध उभा होता, वाऱ्याचं नाव नव्हतं.

खाली जाऊन सांगावं म्हणून मी वळले.

"डावीकडं." अब्बांचा आवाज आला.

"डावीकडं म्हनतायत," अम्मी जिन्यातून म्हणाली.

"अम्मी, ही फिरतच नाही."

"आलं, आलं. अजून थोडं डावीकडं." अब्बा खालून ओरडले.

मी दोन्ही हात मागं घेतले.

"लई झालं. मागं घे."

जाळीवरचं कबुतरसुद्धा जागचं हललं नव्हतं.

"अजून मागं. बास. आता हात लावू नको, अफ्रीन."

मी धावत खाली गेले. पडद्यावर रेघ होती. बारीक, सरळ, जिथं असायला हवी तिथंच. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"पुंजारामला बी इतकं झटक्यात जमत नव्हतं," अब्बा खुशीत म्हणाले.

"अब्बा, मी डिशला हात लावला नाही."

अम्मी पदर सावरून जिन्यातच बसली.

सकाळी सहकाऱ्याचा फोन आला. दूरच्या एका देशातही कुणीतरी तेव्हाच ऐकत होतं. तिथंही रेघ तशीच उजळली, मंदावली, पुन्हा उजळली. म्हणजे डिशचा संबंध नव्हता. यानच वळलं होतं. दोन धक्के एका बाजूला, मग थोडं मागं, मग थांबलं. मोठ्या केंद्रानं पुन्हा वेळ दिला होता. आमचं म्हातारं जिवंत होतं. मी अम्मीला मिठीच मारली.

"मीच सांगितलं त्याला," अब्बा म्हणाले.

"तिथून संदेश यायला पाऊण तास लागतो, अब्बा. तुम्ही ओरडलात तेव्हा ते वळून पाऊण तास होऊन गेला होता. पडद्यावर दिसलं तसं तुम्ही बोलत गेलात, बस्स."

"पयलं डावीकडं म्हनलो, तवा पडदा काळाच हुता."



त्या संध्याकाळी यान पुन्हा समोर आलं. रेघ दिसली आणि लगेच विझू लागली. गच्चीवर कुणी नव्हतं.

अब्बा आणि अम्मी नुकतेच आठवडे बाजारातून येत होते. हातातली पिशवी खाली न ठेवता अब्बा माझ्या मागं येऊन उभे राहिले.

पडदा पूर्ण काळा झाला.

"उजवीकडं," ते हळूच म्हणाले. ओरडले नाहीत. "थोडंच."

रेघ आली. कालच्यापेक्षा ठळक.

आनंदानं माझा ऊर भरून आला. मग सवयीनं मी हिशोब केला आणि यान वळलं तेव्हा, म्हणजे पाऊण तासापूर्वी, तुम्ही कुठं होतात, असं अम्मीला विचारलं.

"बाजारात," अम्मी म्हणाली. "ह्ये बोलता बोलता मधीच थांबले. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. मी इचारलं काय झालं, तर म्हनले, कुनीतरी वळून बघितलं."