पावसाची फट

आषाढातल्या एका सकाळी झुल्फिकार मिस्त्री हिर्डोशीला एसटीतून उतरला, तेव्हा दहा वाजून गेले होते, पण उजेड पहाटेइतकाच होता. धुकं असं दाट की एसटी पुढं गेली हे नुसत्या आवाजावरून कळावं. खांद्यावर हत्यारांची पिशवी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. काम साधंच होतं. डोंगराच्या अंगाला एकट्या पडलेल्या अमृतच्या घराची पश्चिमेची खिडकी गळत होती, आणि दोन दिवसांत त्याचे अकरा फोन येऊन गेले होते.

खिडक्या-दारं दुरुस्त करण्यात झुल्फिकारची हयात गेली होती. भोरपासून वरंध्याच्या घाटापर्यंत कुठल्या घराची खिडकी कशानं आजारी आहे, ते त्याला वैद्यासारखं ठाऊक. इथं पाऊस आडवा मारतो. लाकूड फुगतं, बिजागऱ्या गंजतात, काचेभोवती लिंपलेली लांबी सुटते, तळची पट्टी आतून कुजून जाते आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. माणसं रंगावर खूश असतात आणि पाणी आत आलं की मिस्त्रीच्या नावानं खडे फोडतात. म्हणून उन्हाळ्यात दार किंवा खिडकी बसवताना झुल्फिकार चौकटीत रुपयाचं नाणं फिरेल एवढी जागा सोडायचा. तिला तो पावसाची फट म्हणायचा. लाकूड फुगलं की ती आपोआप बुजते, आणि दारही अडकत नाही.

आयुष्यात एकदाच त्यानं ती सोडली नव्हती, आणि तेही याच घरात.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात इथं अमृतची विधवा चुलती ठकुबाई राहत होती. घर तिच्या नावावर. तिच्या खोलीचं दार आणि खिडकी अमृतनं नव्यानं बसवून घेतली.

"फटबिट ठेवू नका. काकीला वारं सोसत न्हाई," तो म्हणाला होता. "आन खिडकीला कडी नगं, तिला भायेरनं स्क्रू मारून टाका."

"पावसात दार उघडायचं न्हाई, अमृतभाऊ."

"म्या हाय की हितं उघडायला."

झुल्फिकारनं मान डोलावली आणि दार चौकटीत घट्ट बसवून दिलं. आषाढात सलग चार दिवस पावसानं झोडपलं, आणि नेमका तेव्हाच अमृत भोरला जाऊन बसला. तो परतला तेव्हा पहारीनं दार उचकटावं लागलं. म्हातारी वयानं गेली, असं गाव म्हणालं. झुल्फिकारला सगळं उमगलं होतं, पण बोललो तर आपलंही नाव बद्दू होईल, या भीतीनं तो गप्प बसला. वर्षभर त्याला धड झोप नव्हती, तरी तो गप्पच होता. अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

अमृत ओट्यावर वाट बघत उभा होता. डोळे लाल, गाल आत गेलेले. "आत नगं," तो घाईनं म्हणाला. "मागनं या."

घराच्या मागं ठकुबाईच्या खोलीच्या खिडकीवर पावसाला आडोसा म्हणून पेंढ्याची झडी बांधलेली होती. झुल्फिकारनं ती सोडली आणि चौकटीवर हात फिरवला. बाहेरून लाकूड कोरडं ठणठणीत होतं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत होतं. काच मात्र ओली होती, आणि ओली होती ती आतून.

"अमृतभाऊ, पाणी भायेरनं येतच न्हाई. आत चूल पेटवताय का?"

"ती खोली... दार परत लावलं त्याला वरीस झालं. कुणी पाय ठेवला न्हाई तिथं."

तेवढ्यात काचेच्या खालच्या भागात, कमरेत वाकलेल्या माणसाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, वाफेचा एक गोल उमटला. हळूहळू आकसला. पुन्हा उमटला. बंद खिडकीतून ओल्या गोधडीचा वास आला, आणि मग आतून लाकूड खरवडल्याचा आवाज. खर्र... खर्र... मध्येच थांबून, दम घेऊन, पुन्हा खर्र...

"पत्रा ठोका यावर," अमृतचा आवाज चिरकला. "जाड पत्रा. मला ह्ये रोज ऐकवत न्हाई..."

खरवडणं थांबलं. काचेपलीकडून, कानाशी बोलावं तसा थकलेला आवाज आला.

"मिस्त्री... फट ठेवली व्हती का रं?"

झुल्फिकार चिखलात गुडघ्यांवर बसला आणि वर्षभर दाबून ठेवलेलं एकदाचं बोलला. "न्हाई काकी. चुकलं माझं. लई चुकलं."

"मग सांग की बाबा... गावाला सांग."

"सांगतो. आल्लाशप्पथ सांगतो." त्यानं स्क्रू काढायला घेतले. एक, दोन, तीन.

"काय सांगतो?" अमृत खेकसला. "आत कुणी न्हाई! थांबा, दावतोच तुमाला!" आणि तो घराला वळसा घालून आत धावला. दाराला लाथ बसल्याचा आवाज आला. काचेतून अमृत खोलीत आलेला दिसला. त्याच्या मागं दार सावकाश लागलं, आणि नवा दोर आवळताना करकरतो तसं लाकूड करकरलं.

चौथा स्क्रूही निघाला. चारही झुल्फिकारच्या मुठीत होते, पण खिडकी तसूभर हलेना. आतून अमृत काचेवर मुठी आपटत होता आणि त्यांचा आवाज येत नव्हता. झुल्फिकारनं हातोडा घातला. तो ओल्या पोत्यावर बसावा तसा बसला. काचेवर आता वाफेचे दोन गोल होते. वरचा भराभर उमटत होता. खालचा संथ, अगदी सवडीनं.

तो दाराकडं धावला. दार आणि चौकट यांच्यामध्ये केस जाईल एवढीही जागा उरली नव्हती. मग मात्र तो धडपडत खाली गावात पळाला आणि पहिल्याच घरातल्या रखमाजीला आणि हाताला लागतील त्या चार जणांना घेऊन आला. या सगळ्याला फार तर अर्धा तास लागला असेल.

रखमाजीनं दाराला नुसतं बोट लावलं, तर ते उघडलं.

अमृत खिडकीखाली बसल्या जागीच मेला होता. नखांत लाकडाचा भुसा, ओठ फुटलेले, पोट पाठीला लागलेलं.

"आरं देवा," रखमाजी कुजबुजला. "ह्यो तर चार दिसांचा उपाशी दिसतोय... सकाळी तर म्या ह्याला दुकानात बघितलं."

मग रखमाजीनं झुल्फिकारकडं पाहिलं. "मिस्त्री, ठकुबाईबी ह्याच दारामागं गेली. ह्ये दार तुमीच बसवलं व्हतं नव्हं? असं कसं व्हतंय?"

पाचही जण त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आत्ता बोललं की सुटलो, हे झुल्फिकारला कळत होतं. शब्द जिभेवर आले होते. मग त्याला भोरचं आपलं दुकान आठवलं, ओळखीचे चेहरे आठवले, चौकी आठवली.

"जुनं लाकूड," तो म्हणाला. "पावसात फुगायचंच."

रखमाजीनं मान हलवली. खिडकीच्या काचेवर खालच्या बाजूला एक गोल उमटला, क्षणभर राहिला आणि पुसून गेला. तो फक्त झुल्फिकारला दिसला.

ऑक्टोबरच्या उन्हानं भोरमधली झाडून सगळी दारं सुकून सैल झाली. झुल्फिकारच्या स्वतःच्या खोलीचं दार तेवढं रोज सकाळी अडकू लागलं. तो रोज रंधा मारतो. ढलप्या ओल्या निघतात. फळी आता पापडाएवढी झालीय, तरी दार घट्टच.

काल सकाळी चहा पिऊन तो टोपी आणायला खोलीत गेला आणि दार लागलं. बायकोनं, बद्रुन्निसानं, बाहेरून दोनदा खांदा दिला, तिसऱ्यांदा ते उघडलं. चुलीवरचं दूध अजून उतू गेलं नव्हतं.

तो भिंतीला धरून बाहेर आला. गालांवर पांढरी दाढी वाढलेली होती. माठापाशी बसून तो एकापाठोपाठ तीन तांबे पाणी प्यायला आणि तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं, "आज वार कुठला गं?"