अर्थिंगचा खड्डा

दुपारचे दोन. वीज गेलेली होती.

तरीही स्क्रीनवरची रेषा हलली.

पवनारच्या एका भाड्याच्या घरात गेल्या वैशाखात घडलेलं हे आहे. ऐकीव नाही. ज्या वर्षालीसोबत घडलं, तिनंच सांगितलं. सांगताना तिनं एकदाही आवाज चढवला नाही, म्हणून जास्त खरं वाटलं.

वर्षाली इंजिनियर. पुण्याची नोकरी सोडून तिनं त्या घराच्या मागच्या खोलीत वर्कशॉप थाटलं होतं. एका प्रयोगशाळेच्या अणुघड्याळासाठी ती पॉवर सप्लाय बनवत होती. अशा घड्याळाला वीज अगदी निवळ लागते. जराशी खरखर मिसळली की वेळ चुकते. नमुना सोमवारी पोचवायचा होता. तो पास झाला नाही, तर वर्कशॉपला कुलूप.

त्या शुक्रवारी सप्लाय आणि त्याची वीज तपासणारी स्क्रीन, दोन्ही बॅटरीवर चालू होते. पंखा बंद, राउटर बंद. तरी रेषा थरथरत होती.

"तुह्या मोबाईलचा कारभार असन," वर्षाली म्हणाली.

"माह्या मोबाईलवर काऊन घेता, ताई?" अंकुश हसला. तो गावातला वायरमन, तिच्याकडे कामाला. "त्याची बॅटरी सकाळीच उतरली."

रेषा उसळली... थांबली... पुन्हा उसळली.

विजेची खरखर एकसारखी असते. ही मध्येच दम घेत होती.

वर्षालीनं लहानसा स्पीकर जोडला. खरखर कानानं ऐकली की कुठून येते ते लवकर कळतं.

आधी नुसतं सूंऽऽ...

मग लेकरू रडलं.

फार लांबून. पण स्पष्ट.

अंकुशचं हसू गेलं. "शेजारचं असन, ताई..."

शेजारी कोणीच नव्हतं. मागे अंगण, कुंपण आणि नांगरून ठेवलेलं वावर.

तिनं एकेक तार काढली. रडणं चालूच. शेवटी जमिनीत गेलेली अर्थिंगची तार काढली...

शांत. रेषा पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

तार जोडली. रडणं.

काढली. शांत.

"अंकुश, अर्थिंगचा खड्डा खोदताना काही निघालं होतं का रे?"

त्यानं आधी स्पीकर बंद केला.

"मीठ निघालं होतं, ताई. अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठ-कोळसा टाकतोच ना? मले वाटलं, कोणाची जुनी अर्थिंग असन. म्हणून वरतून मीठ टाकलंच नाई. त्यातच सळई ठोकली."

घरमालकीण आनंदाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. वर्षालीनं विचारलं, तसा सुपातला हात थांबला.

"तान्ह्या लेकराले जाळत नाईत, माय. मिठात ठेवतात. माही पोरगी हाय तिथं."

मग खालच्या आवाजात...

"रडते का थे?"



अंकुशनं सळई उपसली, हात जोडले, माती लोटली. पण अर्थिंगशिवायचं रीडिंग प्रयोगशाळा धरणार नव्हती. शनिवारी सकाळी त्यानं घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपाशी, नवा खड्डा खणायला घेतला.

कडक जमीन. लोखंडी सब्बल खणखण वाजत होती.

एकाएकी आवाज बंद झाला. सब्बल सहज आत गेली...

वर काढली, तर टोक पांढरं.

वर्षाली ओट्याकडे धावली. "आजी, तुमची दोन लेकरं होती का?"

"नाई वो माय. माही एकच."

तिसरा खड्डा खोदायला अंकुश तयार झाला नाही. वर्षालीनंही आग्रह केला नाही. सामान गाडीत टाकून ती वर्ध्याला मैत्रिणीकडे गेली. तिथं अर्थिंग जोडूनही रेषा सरळ राहिली. पण चाचणी सलग तीन दिवसांची. सोमवार निघून गेला, ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. वर्षाली पुण्याला परतली.

अंकुशचा तिला अजून फोन येतो. कालही आला.

त्यानं सांगितलं, दुपारी तो त्या कुंपणाजवळून जात होता. आनंदाबाई तांब्या घेऊन घरामागे आल्या. पहिल्या खड्ड्याच्या जागी त्यांनी पाणी टाकलं. मग विहिरीपाशी टाकलं.

तांब्या पुन्हा भरला...

आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथं कोणी काहीच खोदलेलं नाही, तिथं जाऊन हळूहळू ओतला.